तुमचा गोल काय?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीसमोर पिठाची गिरणी होती. ती बंद पडली, बरेच दिवस शटर खालीच राहिलं आणि मग एक दिवस तिथे मोठी काच आली. काचेवर इंग्रजीत 'पिलाटेस' लिहिलेलं. येता-जाता भाजीची पिशवी हातात घेऊन मी तिथे थांबायला लागले. आत अरुंद पलंगांसारखी यंत्रं होती. त्यांना स्प्रिंगा, दोऱ्या, पट्टे. बायका त्यावर पडून, पाय पट्ट्यांत अडकवून, पुढे-मागे सरकत होत्या. घामाच्या धारा नाहीत, धडधडणारी गाणी नाहीत, चेहरे मात्र परीक्षेला बसल्यासारखे गंभीर. हे नक्की काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडेना. माझं हे असंच आहे. रस्त्यात खड्डा खणत असले तरी मी वाकून बघते. अलीकडे गुडघ्यांमुळे आणि पाठीमुळे वाकणंच होत नव्हतं, त्यामुळे बघायचं राहून जायचं आणि चिडचिड व्हायची.

शेवटी काचेवरच्या नंबरला फोन केला. पलीकडे हा व्यायाम शिकवणारी मुलगी, आवाजावरून माझ्या भाचीच्या वयाची. तिने भराभर सूचना दिल्या. दोन तास आधी काही खायचं नाही. ग्रिप सॉक्स आणायचे. कपडे अंगाला घट्ट बसणारे हवेत, म्हणजे तिला माझा कणा दिसेल. माझा कणा आजवर कोणी बघायला मागितला नव्हता. तो दिसू नये म्हणूनच मी इतकी वर्षं ढगळ कुर्ते शिवून घेत आले.

"आणि मॅम, तुमचा गोल काय आहे?"

"गोल ना? सगळंच आहे गं. आल्यावर दिसेल तुला."

ती फिसकन हसली. "नाही हो मॅम! गोल म्हणजे टार्गेट. तुम्हाला काय जमायला हवंय?"

"पाठ," मी घाईघाईत म्हटलं. "पाठ दुखते माझी."

"ओके. पण नीट विचार करून ठेवा हां. पहिल्या दिवशी मी परत विचारणार."

पाठ दुखत होती हे खरं, पण पाठीसाठी मी फोन केला नव्हता. मला जमिनीवर बसायचं होतं. गेल्या गणपतीत बोरिवलीला चुलतभावाकडे जेवणाची पंगत बसली. केळीची पानं मांडली, सगळे खाली बसले आणि कुणीतरी माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. "तू वर बस गं, तुझे गुडघे आहेत ना." गुडघे सगळ्यांनाच असतात, पण खुर्ची मलाच मिळाली. मला भयंकर लाज वाटली. माझी आई ऐंशीच्या पुढची, ती खाली बसलेली आणि मी लेक वर. तिने आपलं पान सरकवत माझ्या खुर्चीजवळ आणलं. जेवणभर मला तिचा चेहरा दिसला नाही, नुसता विरळ झालेला भांग दिसत होता. जेवणं झाल्यावर सगळे हात धुवायला उठले तरी ती बसून राहिली. "तू जा, मी जरा गजाली मारतंय," म्हणाली. गजाली म्हणजे गप्पा. त्या ती कुणाशीही मारते, म्हणून मी गेले. येत्या गणपतीत तिच्या शेजारी, तिच्या पानाला पान लावून बसायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पण फोनवर एका अनोळखी मुलीला हे कसं सांगणार?

आई आता माझ्याकडेच असते. तिला फोनवरचा गोलचा घोळ आणि पिलाटेस हा शब्द सांगितला तर म्हणाली, "पिळाटेस? पिळतत काय थंय माणसांक?" मोबाइलवर यंत्राचा व्हिडिओ दाखवला, तर तिने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "हो माग काय गो? तुझ्या बापाशीच्या खात्यात असलेच होते." माझे वडील लालबागला कापडगिरणीत मागावर होते. पुढे-मागे सरकणारं लाकूड आणि ताणलेल्या दोऱ्या बघून तिला मागच आठवणार. मग मीही तो व्हिडिओ नव्याने बघितला. अगदीच चुकीचं नव्हतं तिचं.

ग्रिप सॉक्स आले. त्यांच्या तळव्यांवर रबराचे लाल ठिपके होते, पाय घसरू नये म्हणून.

"मोज्यांक गोवर इलो काय गो?" आईने विचारलं.

मी ते घालून स्वयंपाकघरात हिंडून बघितलं. खरंच पाय घसरत नव्हता. घट्ट पँट घालून आरशात आडवं-उभं बघितलं आणि फोनवरच्या मुलीला गोलबद्दल मी आधी दिलेलं उत्तर बरोबर होतं याची खात्री करून घेतली. त्यावर एक टी-शर्ट चढवला. कणा काही दिसेना, पण त्याला मी तरी काय करणार.

क्लासच्या आदल्या दिवशी सकाळी नवरा ऑफिसला गेला, तसा मी टीपॉय भिंतीला सरकवला आणि हॉलमध्ये चटई अंथरली. एकदम लोकांसमोर फजिती नको, घरात थोडं करून बघावं. सोफा धरून खाली बसले, मग उताणी पडले. व्हिडिओतली बाई म्हणत होती की बेंबी कण्याकडे ओढा. ओढली की नाही ते मला कळेना. मान उचलली, ती थरथरायला लागली.

आई दिवाणावरून बघत होती. घरात ती कायम दिवाणावरच बसते. टीव्ही तिथून नीट दिसतो म्हणून असेल, असं मला वाटायचं.

"तुका जमना नाय. थांब, मी दाखवतंय," ती म्हणाली आणि मी नको नको म्हणेपर्यंत दिवाणाला धरून घसरत खाली आली. आम्ही दोघी चटईवर पाय पसरून बसलो. कितीतरी दिवसांनी ती माझ्या शेजारी जमिनीवर होती आणि तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर होता. मला एवढं बरं वाटलं की मी व्हिडिओच बंद केला.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. बाहेर आमची नेहमीची कोळीण. "ताई, बोंबील हायत! ताजं!"

"आले, आले," मी ओरडले आणि उठायला गेले. उठता येईना. कुशीवर वळले, हात टेकला, गुडघा ठणकला, परत बसले. आईकडे बघितलं तर ती नुसती बसलेली. बेल आणखी वाजली. मग पाटीची कुरकुर जिन्यावरून खाली गेली.

"बोंबील गेले," आई म्हणाली.

मला हसू फुटलं. तीही हसायला लागली. हसता हसता मी म्हटलं, "माझं ठीक आहे, तू का नाही उठलीस?"

ती चटईची काडी ओढत राहिली. "गणपतीत पण माका उठाक जमला नाय. म्हणान बसान रवलंय. मगे थंयच्या सुनेन हात दिल्यान."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कित्याक सांगू? तुका गावली तशी माकाय खुर्ची गावली असती."

माझं हसू थांबलं. म्हणजे ती त्या दिवशी माझ्याजवळ खाली बसली, ते उठता येणार नाही हे माहीत असून.

मी रांगत सोफ्यापर्यंत गेले. दोन्ही हात सोफ्यावर दाबले, तेव्हा कुठे उभी राहिले. मग तिला द्यायला हात पुढे केला, पण तिला ओढलं की मीच खाली जायला लागायचे. एका हाताने सोफा धरला तर दुसऱ्यात जोरच नाही. शेवटी स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल आणलं. ती आधी त्यावर बसली, मग दिवाणावर. दोघींना दम लागला होता. आई डोळे मिटून पडली आणि मी तिचे पाय चेपत राहिले.

दुसऱ्या दिवशी निघताना आईने गोवरवाले मोजे माझ्या हातात दिले. "मगे, आज तिका गोल काय सांगतलंस?"

"बघते," मी म्हटलं.

काचेच्या आत गार होतं. मुलगी फोनवर वाटली त्याहून लहान निघाली. मला त्या मागावर बसवून ती समोर उकिडवी बसली, सहज, कशालाही न धरता. मी ते बघत राहिले.

"हां मॅम, सांगा आता. गोल काय?"

"मला जमिनीवर बसायचंय," मी म्हटलं. "आणि उठायचंय. पण उठताना माझा एक हात मोकळा हवा."