पुनवेपर्यंत टांगलेलं चाक

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. नंबर हरेश्वरदादांचा, आवाज मात्र परका. "मॅडम, ये सायकलवाले चाचा आपके कौन लगते हैं?" कुणी टेम्पोवाला होता. मुरब्याहून बोईसरला येणाऱ्या रस्त्यावर, कुंभवलीच्या अलीकडे, मोरीच्या कठड्यावर एक म्हातारा बसलाय, हाका मारल्या तरी बोलत नाही, त्यांच्या फोनमध्ये सगळ्यात वर तुमचाच नंबर आहे, असं तो घाईघाईनं सांगत होता. कौन लगते हैं... त्याला काय सांगणार? मी रिक्षा केली आणि निघाले.

दादा कठड्यावर बसले होते, पाठ विजेच्या खांबाला टेकलेली. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. सायकल शेजारी स्टँडवर उभी, हँडलला पाण्याची बाटली अडकवलेली. हात हातात घेतला आणि कळलं. तरीही आम्ही त्यांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं, कारण तसंच करायचं असतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. घरी कळवायचं काम माझ्या वाट्याला आलं. हिरावहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, मुलाच्या मोटारसायकलवरून आल्या. दादांकडे बघायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सायकलवरच ना?"

मी "हो" म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं. मग त्या रडल्या, बेशुद्ध पडायच्या बेताला आल्या, बायकांनी त्यांना धरलं, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. अंत्यविधीला नाही, दहाव्याला नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मी मुरब्याला, त्यांच्या गावी, गेले नाही. जायचं धाडसच झालं नाही. त्या "ना" मध्ये आरोप होता, आणि तो कशाबद्दल होता हे मला नेमकं ठाऊक होतं.

मी सांगलीकडची. नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आले आणि मीही एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. दादा तिथेच मीटर आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे. घर मासेमारीचं, भाऊ बोटीवर, आणि हे मात्र सायकलवर. निवृत्त झाले तरी काही अडलं की कारखाना त्यांनाच बोलवायचा. आमची ओळख झाली ती माझ्या फजितीतून. मी हौसेनं एक महागडी सायकल घेतली होती. चाकं बारीक, स्पोक मोजके, बघणाऱ्याची मान वळावी अशी. टँकरनी खोदून ठेवलेल्या आमच्या रस्त्यावर एके दिवशी तिचा एक स्पोक तुटला आणि चाकाला आऊट आला, म्हणजे ते असं वाकडं डुलायला लागलं, की ब्रेकला घासून जागच्या जागी अडकलं. मी ती सायकल अर्धी उचलून गेटातून आत आणत होते. दादांनी बघितलं. "घाटावरच्या बाय, चाक आनलंयस का पापड?"

मी चिडले. हलकं चाक चढाला किती बरं असतं हे त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "वजन कोनाचं वाचवतेस? तुज्या डब्यातल्या भाकऱ्या चाकाहून जड हायत." त्यानंतर कित्येक वर्षं आमचा हा वाद चालूच राहिला. जेवणाच्या सुट्टीत लोक राजकारणावर भांडायचे, आम्ही चाकांवर. त्यांचं म्हणणं असं की चाक एकच असावं. त्याच चाकावर रोज कामाला जायचं, आणि चार दिवसांची रजा मिळाली की त्याच चाकावर सामान लादून लांब निघायचं. छत्तीस स्पोक हवेत, म्हणजे एखादा तुटला तरी बाकीचे घरापर्यंत आणतात. टायर रुंद हवा, आणि तो कुठल्याही गावातल्या पंक्चरवाल्याकडे मिळणारा हवा. "रोजचं ताट येगळं आनि पावन्याचं येगळं, ही चैन आमाला नाय परवडत," असं ते म्हणायचे. परवडत नव्हतं अशातला भाग नव्हता. त्यांना दोन गोष्टी सांभाळायचा कंटाळा होता.

पण म्हणून त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं कुणी समजू नये. गेलेल्या माणसाला लोक लगेच देव करतात, मला ते जमत नाही. दादा हट्टी होते, आणि त्यांच्या हट्टापायी एकदा ते माझ्या डोळ्यांदेखत मरता मरता वाचले. त्यांची रिम चकचकीत लोखंडी होती. वाकली तर ठोकून सरळ करता येते, हे तिचं कौतुक. ओल्या लोखंडी रिमवर ब्रेकचं रबर धरत नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. भादव्यात आम्ही जव्हारला गेलो आणि परतताना उतारावर पाऊस लागला. मी मागे होते. दादांचा वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला, तेव्हा आधी वाटलं, मजा करताहेत. मग त्यांनी चप्पल रस्त्याला घासायला सुरुवात केली. खालून एसटी वर येत होती, वळणाआडून तिचा हॉर्न ऐकू येत होता, आणि मी नुसती "दादा, दादा" ओरडत होते. त्यांनी सायकल डोंगराच्या बाजूच्या झुडपांत घातली. एसटी निघून गेली. मी पोचले तेव्हा ते काट्यांत उताणे पडून आभाळाकडे बघत होते. मी त्यांची सायकल काट्यांतून ओढून काढली. मग ते म्हणाले, "रिम बदलू." एवढाच काय तो त्यांचा माफीनामा.

तेव्हापासून चाक निवडण्याचं काम आम्ही दोघांनी मिळून हाती घेतलं. छत्तीस स्पोकवर त्यांची मात, ॲल्युमिनियमच्या डबल वॉल रिमवर माझी. घोडं अडलं ते स्पोक कुठले घ्यायचे यावर. मुरब्याच्या वाऱ्यात मीठ. दाराची कडीसुद्धा तिथं वर्षभरात गंजते. दादांनी एका चाकात निम्मे साधे आणि निम्मे स्टेनलेसचे स्पोक भरले, आणि घरामागे बोंबील वाळत घालायच्या बांबूंवर ते चाक टांगलं. खाऱ्या वाऱ्यात काय टिकतं ते बघू, म्हणाले. मग ते कामावर आले, आणि इकडे त्यांच्या भावजयीनं रिकामे बांबू शोधता शोधता ते चाक बघितलं. तिला वाटलं, भाऊजींनी बोंबलांसाठी नवीन सोय केली! तिनं जोडी-जोडीनं बोंबील स्पोकवर टांगले, छान दाटीवाटीनं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दादा घरामागे गेले, बघितलं आणि डोक्याला हात लावला. नंतर पुसून पाहिलं तर साधे स्पोक तांबूस झाले होते, स्टेनलेसचे जसेच्या तसे. निकाल बोंबलांनी दिला. ते चाक दादांनी बसवलं तेव्हा बोईसरची कुत्री महिनाभर त्यांच्या मागे धावत होती. हिरावहिनी हा किस्सा सांगताना पदर तोंडाला लावून हसायच्या. तेव्हा त्या माझ्याशी हसायच्या.

मग दादांना छातीत दुखलं. मुंबईला नेऊन हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. सपाट रस्त्यावर, सावकाश, दम लागला की थांबायचं, या अटींवर डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली. घरातल्यांनी दिली नाही. मी भेटायला गेले तेव्हा वहिनी अंगणात कोळंबी सोलत बसल्या होत्या. खालमानेनंच म्हणाल्या, "बाय, तो तुजं ऐकतो. त्याला आता नवीन चाकं नको देऊ. माज्या भावाला दर्यानं नेला, याला रस्ता नेल." मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टर हो म्हणालेत. घरात बसवलात तर ते दुसऱ्याच कशानं तरी जातील." त्या म्हणाल्या, "तुमी घाटावरची मानसं बोलायला लई पटाईत." त्यांचे हात थांबले नव्हते.

मी तेव्हा चुकले असं मला वाटत नाही. आजही वाटत नाही. सायकल सुटलेले दादा मी दवाखान्यातून आल्यानंतरच्या दोन महिन्यांत बघितले होते. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चाकांकडे बघायचे आणि उगीच कुणावरही डाफरायचे. पण आपलं बरोबर असणं आणि रात्री झोप लागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला आषाढात कळलं.

दादा पुन्हा सायकलवर बसले, आणि चाकांची नवीन जोडी आम्ही ठरवली ती गोव्याच्या प्रवासासाठी. किनाऱ्या-किनाऱ्यानं, खाड्या तरीनं ओलांडत, रोज थोडं थोडं. पुढचं चाक तयार होऊन त्यांच्या सायकलला बसलं. मागच्यात स्पोक भरून झाले, आऊट काढून झाला, पण चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या आतल्या गोळ्यांना आणि ग्रीसला खारा पाऊस सोसतो का, ते त्यांना बघायचं होतं. मे संपता संपता बोंबील आवरले गेले, बांबू रिकामे झाले, आणि दादांनी ते चाक टांगलं. ते टांगताना मी होते. तीच आमची शेवटची निवांत भेट. "नारळी पुनवेपर्यंत हिथंच," ते म्हणाले. "रोज सकाळी एकदा फिरवायचं, आनि कान देऊन ऐकायचं. करकरलं तर नापास. पुनवेला बोटी सुटतील तवा आपन चाक उतरवू." वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि मग आत गेल्या. पुढे आषाढात तो फोन आला.

परवा पुनवेला चारच दिवस राहिले तेव्हा मी मुरब्याला गेले. घरून निघताना ठरवलं होतं, वहिनी जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, उलट एक शब्द काढायचा नाही. वाटेत ती मोरी आली. मी थांबले नाही. कोळीवाड्यात बोटींना रंग लागत होता, जाळी दारादारांत पसरलेली. दादांच्या अंगणात त्यांची सायकल भिंतीला टेकवलेली होती, वर प्लास्टिक घातलेलं. वहिनी ओट्यावर होत्या. "ये" म्हणाल्या नाहीत, "जा" पण म्हणाल्या नाहीत. पाणी आणून दिलं आणि समोर बसल्या. मी पाणी प्यायले. पेला खाली ठेवायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

मग त्यांनी विचारलं, "तू पैली पोचलीस ना तिथं?"

"मी पोचले तेव्हा तो टेम्पोवाला होता, वहिनी. आपल्यातली मीच पहिली."

"पडलेला का?"

मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. आणि मग लक्षात आलं की त्या जागेवरचं त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्या थेट दवाखान्यात आल्या होत्या. सायकल टेम्पोतून नंतर घरी आली होती. इतके दिवस ही बाई मनात दादांना रस्त्यावर पडलेलं बघत होती, चालत्या सायकलवरून, टँकरच्या पुढ्यात, आणि मी घरात बसून तिच्या रागाला घाबरत होते.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "पडले नाहीत. कठड्यावर बसले होते, खांबाला टेकून. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. सायकल स्टँडवर लावलेली होती, नीट."

"स्टँडवर?"

"स्टँडवर."

त्यांनी माझं मनगट धरलं. "म्हंजे थांबला," त्या म्हणाल्या. "मी रोज सांगायची त्याला, निगताना, दारातून... दम लागला तर उतर, सायकल लाव, बस. रोज सांगायची. मान पन हलवायचा नाय. मना वाटलं, नाय ऐकला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "थांबला गं. ऐकला माजं."

मी त्यांच्याजवळ सरकले. आम्ही दोघी रडलो, मनसोक्त, शेजारच्या बायका डोकावून जाईपर्यंत. चहा झाला. निघताना मी धीर करून विचारलं, ते मागचं चाक अजून आहे का. असेल तर उतरवून ठेवते, उगाच पावसात राहिलंय.

"हात लावू नको," वहिनी एकदम म्हणाल्या. "पुनव कुटं झाली अजून?"

त्या मला घरामागे घेऊन गेल्या. रिकाम्या बांबूंवर चाक तसंच टांगलेलं होतं, रिमवर मिठाचा पांढुरका थर. पण त्याच्या खालचं गवत दबून तिथं पाऊलवाट पडली होती, मागच्या दारापासून चाकापर्यंत. वहिनींनी दोन बोटांनी रिमला धक्का दिला, कान जवळ नेला आणि डोळे मिटले. चाक फिरत राहिलं. मलाही काही ऐकू आलं नाही.

"रोज बघते," त्या म्हणाल्या. "अजून तरी करकरलं नाय."