भाकरी समोर आल्याशिवाय सुई नाही

शिरूरपासून दौंडपर्यंतच्या मुलखात माणसाच्या तोंडाआधी त्याच्या पायांकडं बघणारी बाई एकच, आमच्या डॉक्टरबाई. दौंडात त्यांचा दवाखाना. मी तेव्हा एका सबजेलात गार्ड ड्युटीला होतो, आणि तिथल्या साखरेच्या रोग्यांसाठी बाई लुना फटफटवत यायच्या. या आजारात पायाला जखम झाली तरी कळत नाही, म्हणून त्या एकेका कैद्याला गजांतून पाय बाहेर काढायला लावायच्या. कैद्यांचं ठीक हो, पण बाईंना थांबायचं कुठं ते ठाऊकच नव्हतं. आमचे साहेब एकदा सहज म्हणाले, "मलाही थोडी शुगर आहे म्हणे," तर भर कचेरीत त्यांचे बूट उतरवले! मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. साहेब आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. केडगावला माझ्या बहिणीच्या निकाहला आल्या, तर शुभेच्छा राहिल्या बाजूला, नवरदेवाला म्हणाल्या, "चप्पल लागतेय तुम्हाला." आणि खरंच लागत होती!

कैद्याला सुई जवळ बाळगता येत नाही, आणि सबजेलात फ्रीज कुठला? बाईंनी इन्शुलिनची बाटली समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवली आणि त्यालाच दम भरला, "बर्फाच्या कप्प्यात गेली तर तुझा सगळा माल रस्त्यावर ओतीन." मला शिकवलं ते वेगळंच. खानावळीचा डबा यायला कधी उशीर व्हायचा, म्हणून भाकरी समोर आल्याशिवाय सुई द्यायची नाही. सुई घेऊन माणूस उपाशी राहिला की साखर घसरते, घाम सुटतो, तो भलतंच बडबडतो. मग गिळता येतंय तोवर आधी साखर पाजायची, चौकशी नंतर. हे त्यांनी माझ्याकडून शाळेतल्या पोरागत घोकून घेतलं. माझी बायको म्हणायची, "झोपेत भाकरी-भाकरी काय करताय? मी उपाशी ठेवते का तुम्हाला?"

त्या काळात इनामगावकडचे एक आबा बांधावरच्या मारामारीत आत आले होते. पूर्वी घरात मेंढरं, आता शेती. दोन्ही वेळची सुई, आणि जामीन काही होईना. कैद्यांत एक रीत होती. कोर्टाची तारीख असली की उपास धरायचा, म्हणजे देव न्यायाधीशाच्या मनात दया घालतो. एका तारखेला आबांनी माझ्यासमोर भाकरी घेतली, सुई टोचून घेतली, आणि माझी पाठ वळताच भाकरी शेजारच्याच्या ताटात टाकली.

कोर्टाच्या व्हरांड्यात आबा घामानं निथळायला लागले. समोरून जाणाऱ्या कारकुनाला मेंढरू समजून "हुर्रर्र, माघारी फिर!" असं हाकायला लागले. लोक खो खो हसले. माझा जोडीदार म्हणाला, "नाटकं करतंय म्हातारं. पिऊन आलंय का काय?" मला मात्र बाईंनी घोकून घेतलेलं आठवलं. धावत जाऊन चहावाल्याची साखरेची बरणीच उचलली, पाण्यात कालवली आणि घोट घोट आबांना पाजली. देवा, ती वेळ कशी गेली ते माझं मला माहीत! हळूहळू आबांची नजर ठिकाणावर आली. बरणीकडं बघून ते कळवळून म्हणाले, "शेखभाई, उपास मोडला की वो माझा!"

बाई त्याच संध्याकाळी आल्या. आधी माझ्यावर घसरल्या, "रोजे धरता ना तुम्ही? उपाशी माणूस ओळखता येत नाही?" मग गजांसमोर फरशीवरच बसल्या. मला वाटलं, आता आबांची खैर नाही.

"उपास कुणाचा, आबा?"

"बिरोबाचा."

"बिरोबाला भगर चालते?"

"चालती की. न चालायला काय झालं?"

"मग तारखेला माझ्या घरून भगर येईल. ती खाल्ल्याशिवाय सुई नाही. सुटायचं तर जिवंत सुटा."

तारखेच्या दिवसापुरतं सुईचं प्रमाणही त्यांनी कमी करून दिलं. पुढच्या तारखेला पहाटेच डबा निघाला, भगर आणि दाण्याची आमटी. वास सुटला तसा अख्ख्या बराकीला उपास लागला! एकानं तर तारीख नसताना धरला. बाईंना सांगितलं तर त्या चिडल्या, खूप बोलल्या, आणि पुढच्या वेळेपासून डबा मोठा आला.

आबा निर्दोष सुटले. त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, नातवंडं खेळवली. माझ्या पहाऱ्यात त्यांचं काही बरंवाईट झालं असतं तर मी त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं? बाईंचे हे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

बाई आता थकल्यात. दवाखाना बंद करून पुण्याला मुलाकडं असतात. परवा आबांच्या नातवानं येऊन सांगितलं, आबा गेले, घरीच, सगळी माणसं जवळ होती. मी बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "त्या दिवशी जेवले होते ना?"

"जेवले होते, बाई. सुनेनं भरवलं, पोटभर."

"बरं झालं," म्हणाल्या, आणि फोन ठेवायचा सोडून तशाच धरून बसल्या. मीही ठेवला नाही.