निकाल सांगू नको

फोन आला तेव्हा मी काही काम नसताना काम काढून बसलो होतो. घरातल्या जुन्या किल्ल्या तेल लावून पुसत होतो. दत्ताराम शेवटच्या घटका मोजतो आहे आणि त्याचं घर माझ्या दारापासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दोन दिवस मी तिकडे फिरकलो नव्हतो. पलीकडून त्याची बायको, सुलभावहिनी, एवढंच म्हणाल्या, “भावोजी, या आता. गेले ते.” त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं... आता त्याच्या नजरेला नजर द्यायला नको. या गोष्टीला सहा आठवडे झाले.

लांज्याच्या बाजारात दत्तारामचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मी तहसील कचेरीत कारकून. कचेरी सुटली की मी त्याच्या दुकानात जाऊन बसायचो, ते थेट माझ्या निवृत्तीनंतरही. आमच्या मैत्रीचं कारण सांगितलं तर लोक हसतात. परदेशी कुस्ती! चकचकीत चड्ड्या घातलेले, केस वाढवलेले, एकमेकांना डोक्यावर उचलून आपटणारे ते पैलवान. आमच्याकडे सगळे तिला ‘फायटिंग’ म्हणतात. केबल नवी आली तेव्हा दत्ताराम दुरुस्तीला आलेले तीन-तीन टीव्ही ओळीने लावून ठेवायचा आणि तिन्हींवर तीच फायटिंग. गिऱ्हाईक विचारायचं, माझा टीव्ही झाला का? दत्ताराम म्हणायचा, “झालाय, पन टेस्टिंग चालू हाय.” हे टेस्टिंग कधी कधी आठवडाभर चालायचं.

मी स्वभावाने चौकस, खरं सांगायचं तर आगाऊ. हे सगळं ठरवून चालतं, कोण जिंकणार ते आधी लिहिलेलं असतं, ठोसा गालाजवळून जातो आणि पैलवान पाय आपटून आवाज काढतो, हे मी कुठून कुठून वाचून काढलं आणि मोठ्या उत्साहाने त्याला सांगायला गेलो. वाटलं, बिचाऱ्याचा हिरमोड होईल. हा उलट खूश! “आनी? आनखी काय करतात? रगत कसा काढतात?” असं खोदून खोदून विचारू लागला. पुढे तर पैलवान मिठी मारल्यासारखे दिसले, की तो मला कोपर मारून म्हणायचा, “बग, बग, कानात सांगतोय त्याला. आता उचलनार.” आणि खरंच उचलून आपटला की पुन्हा तोच ओरडायचा, “मेला, मेला!” हे कोडं मला उलगडत नव्हतं.

उलगडलं ते शिमग्यात. दत्ताराम त्याच्या गावच्या नमनात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, रावणाचं सोंग काढायचा, आणि पालखीच्या दिवसांत मला गावी घेऊन जायचा. एका वर्षी संध्याकाळी त्याने मला रंगपटात नेलं. तिथे हा एका खोक्यावर बसून बिडी ओढत होता आणि पुठ्ठ्याची नऊ तोंडं सुतळीने बांधून घेत होता. एक तोंड सारखं घसरत होतं. “नीट बगून घे सगळा,” मला म्हणाला, “मंग भायेर जाऊन पुढं बस.” मी बसलो. पडद्यामागून मृदंग घुमला, पडदा बाजूला झाला आणि तो असा काही गरजला की पुढच्या रांगेत मी मागे सरकलो. सुतळीची गाठ मी डोळ्यांनी पाहिली होती, एका गाठीला माझं बोट लागलं होतं, तरी सरकलो. खेळ संपल्यावर घामाने रंग ओघळलेला तो विचारतो, “भ्यालास ना? आता कळला? आतला कितीपन ठाव असला तरी चालता. पुढं काय होनार तेवढा ठाव नसला पायजे.”

त्याचा सगळा कायदा एवढाच होता. आतलं सगळं सांग, निकाल सांगू नको. आणि हा कायदा मी एकदाच मोडला. तिकडची मोठी कुस्ती आपल्याकडे काही दिवसांनी दाखवायचे, तिची त्याने कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. माझ्या मुंबईच्या भाच्याने मला फोनवर निकाल सांगितला. मी दुकानात पाऊल ठेवलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, “गेला तुझा पैलवान!” दत्ताराम उठला, टीव्ही बंद केला, भिंतीतली पिन काढून हातात धरली आणि म्हणाला, “घरी जा, सदा.” दीड महिना त्याने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटी सुलभावहिनींनी दोघांना जेवायला एका पंगतीला बसवलं. त्या दिवसापासून मी निकालाच्या बाबतीत तोंडाला कुलूप लावलं. पुढे मोबाइल आले, बातमी आपोआप समोर यायला लागली, तरी मी ब्र काढत नसे.

गेल्या थंडीत त्याला घास गिळायला त्रास व्हायला लागला. रत्नागिरीला एका डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरवलं. तुकडा काढायचा तो दिवस सोमवार होता. आत बोलावण्याची वाट बघत आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. माझ्या हातात मोबाइल होता. दत्ताराम माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “निकाल कळला तरी मला सांगू नको हां. काय पन झाला तरी.” मी म्हणालो, “नाही सांगणार.” तो म्हणाला, “गळ्याशपथ?” त्याने गळ्याशपथ म्हणावं, तेही त्या बाकावर... मी आपला गळा चिमटीत धरला आणि म्हणालो, “गळ्याशपथ.”

आठ दिवसांनी मी आणि वहिनी रिपोर्ट घ्यायला गेलो. डॉक्टरांनी आत बसवलं. आजार घशापुरता राहिलेला नव्हता, आता दुखणं कमी ठेवण्यापलीकडे फारसं काही हातात नाही, थोडे महिने, असं शांतपणे सांगितलं. मग विचारलं, “पेशंटला कल्पना द्यायची का?” वहिनी बोलायच्या आत मी बोललो. “नको. त्यानेच मला बजावलंय.” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “असं म्हणाले ते?” मी म्हणालो, “शपथ घेतली माझ्याकडून.” त्या रडल्या आणि त्यांनी मान हलवली. तीस वर्षांचा मित्र सांगतो आहे म्हटल्यावर त्यांनी विश्वास ठेवला. घरी येऊन आम्ही त्याला सांगितलं, सूज आहे, गोळ्यांनी बसेल.

आता तुम्ही म्हणाल, त्याने कधी विचारलं नाही का? विचारलं. दोनदा विचारलं. “कागदात काय लिवलाय रे?” मी म्हणालो, “सूजच.” त्याने मान डोलावली. मला वाटलं, त्याला सगळं ठाऊक आहे आणि हा सोंग वठवतो आहे. त्याच्या धीराचं मला कौतुक वाटलं. मी मूर्ख होतो.

त्याची मुलगी मनीषा मस्कतला असते. मार्चमध्ये तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच खाटेजवळ होतो. “बाबा, मी रजा टाकून येऊ का?” हा म्हणतो, “आता कशाला धावतेस? जूनला तिकडं पोरांची शाळा सुटली की सगळी या, ऱ्हवा म्हयनाभर. तवर मी ठणठणीत.” फोन स्पीकरवर होता. ‘ये गं बाई, आत्ता ये,’ एवढं मी खाटेजवळून ओरडलो असतो तरी पुरे होतं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पदर तोंडाशी धरून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

एप्रिलमध्ये पेजही गिळवेना. एका दुपारी वहिनी विहिरीवर गेलेल्या असताना त्याने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता. “सदा, मी उठत नाय ना आता?” मला खोटं बोलता आलं नाही. त्याने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, “तुला कदी कळला?”

“पहिल्याच रिपोर्टात.”

“मंग सांगितला नायस?”

“तूच म्हणालास ना... त्या बाकावर. निकाल सांगू नको म्हणून. शपथ घातलीस.”

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो आठवू लागला. मग त्याला आठवलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “मी कुस्तीचा बोलत व्हतो रे.”

त्या सोमवारी सकाळी तिकडची वर्षातली पहिली मोठी कुस्ती होती. दवाखान्यामुळे चुकणार होती, म्हणून तो संध्याकाळी पुन्हा लागेल तेव्हा बघणार होता. माझ्या हातात मोबाइल बघून त्याला त्याचीच धास्ती होती. मला, जन्मभर त्याच्याबरोबर फायटिंग बघणाऱ्या मला, हे सुचलंच नाही.

“मनीला बोलव,” एवढं बोलून त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही, आणि मी दोन दिवस गेलो नाही. मनीषाला मिळालं ते पहिलं विमान तिने पकडलं. तो गेला तेव्हा तिची गाडी पनवेलच्या जरा पुढे होती. आल्यावर तिने मला विचारलं, “सदाकाका, तुम्हाला माहीत होतं?” मी होय म्हणालो. बाकाची गोष्ट तिला सांगितली नाही. सांगितली असती तर ती सबब झाली असती.

परवा वहिनींनी मला बोलावून घेतलं. त्यांचं वजन उतरलं आहे, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं होतं. दत्तारामच्या खाटेवर आता गादी गुंडाळून ठेवलेली असते, मी तिच्या कडेला टेकलो. वहिनींनी बंद पाकीट माझ्या हातात दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. “वाचा. मोठ्याने वाचा. काही गाळू नका.” इंग्रजी कागद. मी ओळ न् ओळ वाचली, अर्थ सांगितला. साखर थोडी वाढली आहे, रक्त कमी आहे, बाकी सगळं ठीक.

“एवढंच?”

“एवढंच, वहिनी.”

“खरं?”

“खरंच.”

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या. “रागावू नका, भावोजी,” त्या म्हणाल्या, “पण औषधाच्या दुकानातल्या बाईंकडून एकदा वाचून घेते.”