न मागणारा मंक

दिघीच्या धक्क्यासमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्याकडे गिऱ्हाईक आधी भांडतं, मग फोन बाहेर काढतं. देवदत्तकाका पहिल्यांदा आले तेव्हा मात्र काउंटरच्या कडेला अंग चोरून उभे होते. मागून आलेले लोक आपापली कामं करून निघून गेले तरी हे गप्पच. शेवटी मलाच राग आला.

"काका, तुमचा नंबर कवाच झालाय. बोलत का न्हाय?"

"असू दे. तुझं आटोपलं की बघ," ते म्हणाले.

फोन उघडून बसलो तर त्यांची नजर गल्ल्याजवळच्या वीस बाजूंच्या फाशावर खिळलेली. मग मला सगळं सांगावं लागलं. रविवारी दुपारी दुकानाच्या माळ्यावर आम्ही एक खेळ खेळतो. पनवेलला कॉलेजात असताना मला त्याचा नाद लागला. गोष्ट मी सांगतो, त्यातले शत्रूही मीच चालवतो. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. माझी धाकटी बहीण किशोरी जखमा भरणारी पुजारीण होते, बंदरात क्रेन चालवणारा विनेश ढाल घेऊन पुढे उभा राहतो. आम्ही वर जुगार खेळतो अशी आमच्या आईची पक्की समजूत आहे.

काका खाडीपलीकडचे. फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून थोडं पुढे गेलं की त्यांची सुपारीची वाडी. शाळेच्या कचेरीत नोकरी, लग्न केलं नाही. आई आनंदीबाई गेल्यापासून घरात एकटेच. भाऊ पुण्याला असतो, गणपतीत येतो आणि विसर्जन झालं की निघतो. "रविवारी काय करता?" असं मी सहज विचारलं, तर म्हणाले, "रविवार फार मोठा असतो रे." मग मीच म्हटलं, या आमच्यात.

ते आले. नारळाच्या वड्यांचा डबा आणि स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आले. वड्या आम्हाला, बाटली त्यांना. पुढे कित्येक रविवार हाच शिरस्ता राहिला. हा माणूस सगळ्यांना काही ना काही द्यायचा, पण आमच्याकडचं पाणीसुद्धा मागायचा नाही. किशोरीने चहा पुढे केला तर घ्यायचे. ती विसरली तर तसेच बसायचे.

पात्र कोणतं घेणार म्हणून विचारलं, तर त्यांनी मंक निवडला. मंक म्हणजे मठात वाढलेला लढवय्या, चिलखत न घालता नुसत्या हातापायांनी लढणारा. काकांनी त्यातला मठ तेवढा उचलला. पोथीतला साधू शोभावा असं शहाणपण त्याला भरभरून दिलं, चपळाईच्या वाट्याला उरलेसुरले गुण टाकले आणि वर एक व्रत जोडलं, अयाचित. त्यांच्या आई चातुर्मासात ते पाळायच्या. कुणाकडे काही मागायचं नाही, न मागता पानात येईल तेवढंच खायचं.

आता आमच्या टेबलावर एक नियम होता आणि तो माझाच. विनेश दुसऱ्यांच्या पात्रांचे निर्णयही स्वतःच ठोकून द्यायचा, म्हणून मी बजावून ठेवलं होतं की मदत ज्याने त्याने आपल्या तोंडाने मागायची. न मागता किशोरीने कुणावर मंत्र टाकायचा नाही. व्हायचं तेच झालं. पहिल्याच लढाईत काकांचा मंक हलेपर्यंत तिघा शत्रूंनी त्याला घेरलं. तो चिखलात पडला आणि किशोरीची पुजारीण हाताच्या अंतरावर उभी.

"काका, मागा ना! यक शबुद बोला," किशोरी कळवळून म्हणाली.

"त्याचं व्रत आहे गं," काका म्हणाले.

मंक मेला. काकांनी त्याचा कागद नीट घडी करून पिशवीत ठेवला, "चालायचंच," म्हणाले आणि शेवटची फेरीबोट गाठायला निघाले. मला इतकी चीड आली की मी त्यांना खाली पोचवायलाही गेलो नाही.

दुसरा मंक त्यांनी घरी बसून बनवला, आणि काय बनवला! कुठून कुठून वाचून आले होते. चपळाई सगळ्यात वर, खालोखाल शहाणपण, मग तग धरायची शक्ती. ताकदीकडे ढुंकून पाहिलं नाही, कारण मंक ताकदीने नाही, चपळाईने मारतो आणि चपळाईनेच वाचतो. त्याची खरी पुंजी म्हणजे दम. तो मोजकाच असतो, संपला की विसावा घेतल्याशिवाय भरत नाही. तो फुटकळ शत्रूंवर उधळायचा नाही. मागे लपलेला मांत्रिक गाठायचा, त्याला सुन्न करायचं आणि उलटा घाव बसायच्या आत तिथून निसटायचं.

"आमचा वाडीतला गडी हरेश्वर सुपाऱ्या उतरवताना एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसऱ्यावर जातो. खाली उतरतच नाही," काका सांगत होते. एवढं सलग बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होतो. "अंगावर ओझं नको आणि मध्ये थांबायचं नाही. मंकाचंही तेच आहे."

मंकाचं नाव त्यांनी निःसंग ठेवलं. विनेशने लगेच त्याचा निसू केला. निसूने आमचे सगळे रविवार गाजवले. बाण हवेत पकडायचा, भिंतीवरून धावायचा, जखम झालीच तर दम वापरून स्वतःच भरायचा. विनेश ढाल घेऊन पोचेपर्यंत याचं काम झालेलं असायचं. एकदा किशोरी वैतागून म्हणाली, "काका, तुमच्यापाशी मला कामच न्हाय." काका हसले. मला हसू आलं नाही. या माणसाने फार विचार करून, फार हुशारीने, कुणाची गरजच पडणार नाही असा जीव घडवला होता, आणि लढाई संपली की निसूची सोंगटी टेबलाच्या एका कोपऱ्यात एकटीच उभी असायची.

मग किशोरीचं लग्न ठरलं, रेवसला. विनेशची बदली गुजरातेत झाली. मी जाहीर करून टाकलं की हा रविवार शेवटचा, टेबल बंद. विनेशने मला शिव्या घातल्या, किशोरी रडली. काकांनी डबा उघडून वड्या पुढे केल्या. हे टेबल गेलं की या माणसाला शाळेबाहेर कुणाशी बोलायलाही जागा उरणार नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यांनी "चालू ठेवा" एवढं म्हणावं म्हणून मी वाट पाहत होतो. ते म्हणाले नाहीत.

शेवटच्या लढाईत मी हात राखला नाही. निसूचा दम संपला, फासे उलटे पडत गेले आणि तो कोसळला. पुजारीण पुन्हा हाताच्या अंतरावर. या वेळी किशोरी "मागा" म्हणाली नाही, नुसती त्यांच्याकडे बघत बसली. खाली धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा झाला. काकांनी फासा मुठीत धरला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"किशोरी," ते अखेर म्हणाले, "मला वाचव गं."

तिने असेल नसेल तो सगळा मंत्र त्यांच्यावर ओतला. विनेश टेबलावर मुठी आपटत ओरडला. लढाई आम्ही जिंकलो, पण कशी ते मला आता आठवतसुद्धा नाही. जिन्यापाशी चपला घालताना काका थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भावेश, पुढच्या रविवारी मी येऊ का? दोघंच असलो तरी चालेल. घरी मला फार एकटं वाटतं."

"या की काका," मी म्हटलं. या वेळी मी त्यांना धक्क्यापर्यंत पोचवायला गेलो.

पुढच्या रविवारी ते आले. किशोरीची आणि विनेशची खुर्ची मी भिंतीला लावून ठेवली होती, तरी माळा ओकाबोका दिसत होता. दोघांत हा खेळ रंगत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. काकांनी निसूचा कागद समोर ठेवला, डबा ठेवला. बाटली आणली नव्हती.

"भावेश," ते म्हणाले, "जरा पाणी देतोस?"