झोळीची गाठ

हे आजवर मी कुणाजवळही बोललेलो नाही, दारू प्यायल्यावरसुद्धा. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी सुरू करतो—सुरतेचं ऊन, लूमचा खडखडाट, रातपाळी. आजही तिथूनच सुरुवात करतोय, पाहा.

सहासष्ट साली मी, माझी बायको सुमन आणि सात महिन्यांची आमची बेबी एका पत्र्याच्या खोलीत राहत होतो. आमचं गाव अमळनेरकडचं. गुजरात वेगळं झाल्यापासून माझी आई सुरतेला परदेशच म्हणायची. काय चुकत होतं तिचं? गावी रडणारं पोर दहा हातांतून फिरतं. इथे दोन हात सुमनचे आणि दोन माझे. माझ्या हातांचंच सांगायचं आहे.

आमच्यात पहिली झोळी आजीच्या जुन्या लुगड्याची करतात. सासूने आपलं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं पाठवलं होतं. सुमनने ते वाशाला बांधलं, गाठीवर गाठ मारली आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. मला हसू आलं. लूमवर तुटलेले धागे जोडायचं माझं काम, पाळीभर गाठीच मारायच्या. म्हटलं, मला सांगायचं होतंस. ती म्हणाली, "तुमची गाठ धाग्याला ठीक. हिच्यात लेकरू झोपणार आहे."

मी दिवसा झोपायचो. झोपायचो कसला—वर पत्रा तापलेला, कानात लूम सुरूच. त्या दुपारी नळाला पाणी आलं म्हणून सुमन हंडा घेऊन निघाली. "जरा हलवत राहा," एवढं म्हणून गेली. बेबी रडायला लागली. मी झोळी हलवली. रडणं थांबेना. आणखी हलवली. आता काय लिहू? हात निसटला? धक्का जोरात बसला? तसं झालं नाही. मी उठून उभा राहिलो, दोन्ही हातांनी झोळी धरली आणि भिंतीवर भिरकावली. "मर एकदाची," असं म्हणालोही. आत कोण आहे हे मला ठाऊक होतं.

झोळी भिंतीवर आपटून उलटली. बेबी फरशीवर पडली, डावा हात अंगाखाली दुमडलेला. थोडा वेळ आवाजच नाही. मग आला.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. एवढंच सांगून मला थांबताही आलं असतं. पण मी तिला उचललं नाही. मी वर पाहिलं. गाठ जशीच्या तशी होती. बाहेर नळावर हंड्यांचा आवाज येत होता, सुमन कधीही आली असती. मी ट्रंकेवर चढलो आणि गाठ सोडायला लागलो. बोटांना जमेना—माझ्या, लूमवाल्याच्या बोटांना. मग दात लावले. लुगड्याला सासूच्या चुलीच्या धुराचा वास होता. खाली माझी मुलगी किंचाळत होती आणि मी वर दातांनी गाठ ओढत होतो. लुगड्याचं एक टोक सुटून खाली लोंबलं, तेव्हा मी उतरलो. मग पोर उचललं.

सुमन दारात आली. आधी बेबीकडे, मग त्या लोंबणाऱ्या लुगड्याकडे पाहिलं. तिचं तोंड उघडायच्या आत मी पोर खाटेवर टाकलं आणि तिच्या थोबाडीत मारली. हंडा पडून पाणी खोलीभर झालं. केस धरून तिला वाशाखाली ओढत आणलं. लुगड्याचं टोक तिच्या तोंडावर मारलं. "ही तुझी गाठ?" ओठ फुटला होता, तरी ती एकच म्हणत होती—"मी पक्की बांधेल व्हती. पक्की बांधेल व्हती." दर वेळी मी मारत होतो. ते वाक्य थांबवायचं होतं मला. शेजारच्या शांताबेनने मला मागून धरलं, "छोडी दो भाई, मरी जशे." मी लाथ घातली, ती सुमनच्या पोटात बसली. पाण्यात बसून शेवटी ती हळूच म्हणाली, "सुटली असेल."

तेव्हा मी थांबलो.

हाडवैद्याने बसवलेला हात वाकडाच राहिला. बेबी आता तेरा वर्षांची आहे. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. तिची वेणी सुमन घालते. नंतरच्या दोन मुलांना सुमनने कधी झोळीत घातलं नाही. भिंतीला टेकून मांडीवर झोपवायची आणि तशीच बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. पिशवीचं तोंड बांधलं तरी ते दोनदा ओढून पाहते.

गेल्या आठवड्यात शांताबेनची सून बाळंत होऊन घरी आली. शांताबेनने हाक मारली, "सुमनबेन, जरा झोळी बांधी आपो ने."

"माझ्या हातची गाठ टिकत नाही, बेन," सुमन म्हणाली. "आमच्या बेबीचा हात पाहता ना तुम्ही." हसत म्हणाली. बेबीही हसली. तिला हे लहानपणापासून पाठ आहे.

मी तिथेच बसून चहा पीत होतो. शांताबेन माझ्याकडे बघत होती. मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि प्यायलो.

सुमनला वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हाही ते माझ्या ध्यानात होतं.

तिने गाठ पक्की बांधली होती. ती मी सोडली—पोर खाली फरशीवर असताना.