ओटा कुणाच्या उंचीचा

नव्या घरी मोजमापाला गेलं की कुमुदताई पर्समधून टेप काढायच्याच नाहीत. सोफ्यावरही बसायच्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल ओढायच्या आणि म्हणायच्या, "आधी चहा टाका बघू." चहाची त्यांना मुळीच आवड नव्हती. घरातली बाई दूध कुठून काढते, गाळणीसाठी कितीदा मागे वळते, उकळतं पातेलं उचलून कुठे ठेवते, हे त्यांना बघायचं असे. कप हातात आला की दोन घोट घेऊन उरलेला त्या माझ्याकडे सरकवायच्या. मला वाटतं, निम्म्या नाशिकचा चहा मी त्यांच्यापायी प्यायले.

मी त्यांच्या हाताखाली काम करायचे. नाशिक रोडला, त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं ऑफिस होतं. लोकांना स्वयंपाकघर आखून द्यायचं, एवढाच व्यवसाय. ताई चांगल्या उंच होत्या, पण पाठीत वाकलेल्या. सासरचा ओटा सासूबाईंच्या मापाचा, आणि ताईंनी ऐन उमेदीची वर्षं त्यावर वाकून काढली. "तो ओटा केव्हाच फोडला गं, पण माझ्या पाठीत अजून शाबूत आहे," असं म्हणून हसायच्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. कालपर्यंत साईटवर उभी असलेली बाई सकाळी उठलीच नाही.

ताई हट्टी भारी. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरबाईंना त्यांनी विचारलं, "पोळ्या कोण करतं?"

"मावशी येतात सकाळी."

"मग मी मावशी असताना येते."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मावशींना कणिक मळायला लावली आणि त्यांच्या कोपरापासून माप घेतलं. डॉक्टरबाई वैतागल्या. "अहो, मावशी आज आहेत, उद्या नसतील!" ताई म्हणाल्या, "उद्या जी येईल तीसुद्धा तासभर उभीच राहणार ना?" ते काम आमच्या हातून गेलं. ताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. मला मात्र वाटलं होतं.

पण मला खऱ्या ताई दिसल्या त्या सातपूरला. नितीन तिथल्या एका कारखान्यात शिफ्टला होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी त्याला स्वयंपाकघर नवं करायचं होतं. घरात तो आणि आई, यमुनाबाई. पक्षाघातानं त्यांचा डावा हात लुळा पडलेला. आम्ही गेलो तेव्हा त्या पलंगावर भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

ताईंनी चहा मागितला. नितीन उठला, तशा ताई म्हणाल्या, "तू नको. आईंना करू दे."

"मॅडम, तिला एका हातानं नाही जमत."

"तेच बघायचंय मला."

यमुनाबाई भिंतीला धरत आत आल्या. तोल जाऊ नये म्हणून ओट्याच्या कडेला पोट लावून उभ्या राहिल्या. चहाच्या डब्याचं झाकण दातानं उघडलं. साखर मात्र वरच्या फळीवर होती. त्या टाचा उंचावत राहिल्या आणि तेवढ्यात दूध उतू गेलं.

"झालं बघून?" नितीन ओरडला. "मागं तेल सांडून हात भाजून घेतला हिनं. मी कामावर असताना काही झालं तर? म्हणून डबे वर ठेवलेत मी!"

यमुनाबाईंनी गॅस बंद केला. "त्याचं बरोबर हाय ताई. पन दिवसभर नुसतं बसून मानूस जिता राहत नाय."

ताईंनी दूध पुसलं आणि मग टेप काढली.

त्यांनी आखलेला ओटा दोन उंचींचा होता. एक भाग सुनेसाठी, उभ्यानं काम करायचा. दुसरा खिडकीशी, बुटका, खाली मोकळा. खुर्ची घेतली की गुडघे आत जातील असा. शेगडीशेजारीच सिंक, म्हणजे भांडं उचलायचं नाही, नुसतं सरकवायचं. सगळे डबे खालच्या खणांत. बटाटा टोचून एका हातानं चिरता यावा म्हणून चिरायच्या फळीला दोन खिळे.

नितीननं आराखड्याच्या कागदावरून बोट फिरवलं. "आणि तेलाचं काय?"

"तळण सुनेनं करायचं," ताई म्हणाल्या. "नाहीतर तू करायचंस. तुझे दोन्ही हात चांगले आहेत."

तो पहिल्यांदाच हसला आणि "करा" म्हणाला.

लग्नानंतर एका सकाळी आम्ही खण नीट सरकतात का बघायला गेलो. सुनेनं दार उघडलं. आत यमुनाबाई खुर्चीत बसून एका हातानं भाकरी थापत होत्या. परातीखाली ओलं फडकं घातलेलं, त्यामुळे ती जागची हलत नव्हती. सून पाठमोरी भाजी परतत होती आणि मिठावरून दोघींची वादावादी चालली होती.

ताई दारात उभ्या राहिल्या. यमुनाबाईंनी एकदा मान वर केली. "भायेर बसा ताई. आत्ता सवड नाय मला, पोराची ड्युटी हाय."

आम्ही बाहेर आलो. ताई फाटकाशी थांबल्या, पदरानं डोळे पुसायला लागल्या. मला वाटलं, यमुनाबाईंचं बोलणं त्यांना लागलं.

"काय झालं ताई?"

"अगं, हाकललं तिनं आपल्याला!" त्या म्हणाल्या, आणि भर रस्त्यात खदखदून हसल्या.