मोहाची सुट्टी

गोकुळा भानारकरच्या खोलीवरच्या पाटीवर ‘प्राचार्य’ एवढंच रंगवलेलं होतं. खाली नावाची जागा पांढरीच होती. कायम प्राचार्याचं पद मंजूर होईपर्यंत सांभाळा, असं सांगून तिला बसवलं होतं. पद मंजूर झालं नाही. मराठी शिकवायला आलेली गोकुळा प्रभारी म्हणून बसली ती बसलीच, आणि त्याच खुर्चीत तिचे केस पिकले.

वैनगंगेपल्याडच्या जंगलातलं हे चार खोल्यांचं बी.ए.चं कॉलेज. देशभराच्या उच्च शिक्षणाचं वेळापत्रक वरून विद्यापीठात यायचं, तिथून शिक्का लागून हिच्या टेबलावर. त्यात मार्चअखेर आणि एप्रिल म्हणजे ऐन तासांचे दिवस. गावात मात्र तेव्हा मोहफुलं गळत. पहाटे अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. वाळवलेला मोहा विकून पावसाळ्याचं तेल-मीठ भरायचं. गोकुळा त्या दिवसांत सुट्टी द्यायची आणि दिवाळीत तास घेऊन भरून काढायची. तशी परवानगी ती दर वर्षी विद्यापीठाकडे मागायची. स्थानिक बदलाची तरतूद नाही, असं उत्तर दर वर्षी यायचं.

यंदा उत्तराऐवजी विद्यापीठाची समिती येणार असल्याचं कळलं. लहान कॉलेजं तालुक्याच्या कॉलेजात मिसळायची आहेत, तुमच्याकडे मुलं किती बसतात ते पाहू. पाहणीचा दिवस मोहाचाच होता. कॉलेज गेलं तर मुलं मोटारसायकलनं तालुक्याला जातील, हे गोकुळेला माहीत होतं. दोन बस बदलून मुलींना कोणी धाडणार नाही, हेही माहीत होतं.

“समितीले पोरं दिसली पाह्यजेत,” विळीवर मासा धरून ती नवऱ्याला म्हणाली. “आन पोरं मोहात.”

बाबुलाल दारात जाळं सारखं करत होता. “हायस्कूलची बसव ना. अकरावीची रिकामी फिरून राह्यली.”

“ते खोटं होते.”

“खरं बोलून तुही पाटी रंगली का?”

तिनं माशाचं डोकं वेगळं केलं. मग विचारलं, “समितीवाले मासे खात असतील?”

“पाटोड्या कर. पाटोडीले कोणी नाई म्हणत नाई.”

सकाळी शिपाई सुकलूनं विचारलं, “मॅडम, आपल्या पोराईले सांगू का?”

“नको, सुकलूभाऊ. एक दिवस सोडला तर तेवढा मोहा ढोरं खातेत. कोणत्या तोंडानं सांगू?”

“इचारून तर पाहा.”

“थकली मी विचारून विचारून.”

समिती आठला येणार होती. अकरावीची मुलं साडेसातलाच बाकांवर आणून बसवली. विचारलं तर बी.ए. पहिलं वर्ष म्हणायचं, असं त्यांना शिकवलं. नऊ वाजले, दहा वाजले. मागच्या बाकावरचा एकजण दप्तरावर डोकं ठेवून झोपला. अकराच्या सुमारास जीप आली. समितीचे अध्यक्ष म्हातारे, सुस्वभावी गृहस्थ होते. रस्त्याबद्दल बोलले, पाणी प्यायले, वर्गात डोकावून म्हणाले, “उपस्थिती चांगली आहे की.”

तेवढ्यात फाटकातून सायकली आत आल्या. मोहाच्या टोपल्या व्हरांड्यात उतरवल्या गेल्या आणि तो गोड, उग्र वास वर्गापर्यंत आला. दुसऱ्या वर्षाची स्वाती दारात उभी राहिली. तिच्या मागे वीसेक पोरंपोरी होती, ओढण्यांना पाकळ्या चिकटलेल्या.

“मॅडम, जागा नाई.”

“तुम्ही कोण?” अध्यक्षांनी विचारलं.

“बी.ए.चे, सर. मोहा वेचूनशान आलो, म्हणून उशीर झाला. साहेब येऊन राह्यले म्हणून सुकलूभाऊनं सांगतलं.”

“आणि ही मुलं?”

बाकांवरची मुलं गोकुळेकडे पाहू लागली. झोपलेलाही जागा झाला.

“हायस्कूलची आहेत, सर,” ती म्हणाली. “मी बसवली.”

स्वाती तिच्याकडे पाहत राहिली. “तुमी सांगतलं असतं, तर आमी पहाटीच आलो असतो.”

जेवताना अध्यक्षांनी पाटोडीचा रस्सा दोनदा घेतला. मग म्हणाले, “मॅडम, ही सुट्टी रीतसर मागायची होती.”

“दर वर्षी मागितली, सर.”

“कोणाकडे?”

“तुमच्याकडेच.”

त्यांनी भात कालवला. “खरी मुलं पाहिली, ते लिहीन. दुसरंही लिहावं लागेल.”

“लिहा,” ती म्हणाली आणि भाताचं पातेलं पुढं सरकवलं.

जूनमध्ये आदेश आला. कॉलेज तूर्त राहील. बनावट उपस्थितीमुळे पहिल्या वर्षाचे प्रवेश यंदा बंद. समिती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पाहणी करेल.

“पुना मोहातच?” सुकलू म्हणाला.

गोकुळेनं आदेश फायलीला लावला. खिडकीपाशी स्वातीची धाकटी बहीण सोमारी बारावीची गुणपत्रिका घेऊन उभी होती. प्रवेश बंद असल्याचं तिला सुकलूनं सांगून टाकलं होतं.

“एक वर्स थांबतो, मॅडम,” सोमारी म्हणाली. “काई होत नाई.”

एक वर्ष घरी थांबलेल्या पोरीचं काय होतं, ते गोकुळेनं पुष्कळ पाहिलं होतं. दिवाळीपर्यंत पाहुणे येतात, होळीला साखरपुडा. मग एप्रिलमध्ये समितीला दाखवायला बाक तेवढे राहतील.

उन्हानं डोकं दुखत होतं. घरी जाऊन भात टाकायचा होता. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली सुकलूकडे दिली.

“बाबा घरी आहेत का गं?”

“आहेत. काऊन?”

“चल,” चप्पल पायात सरकवत गोकुळा म्हणाली. “वर्षभर पाहुण्यांना नको म्हणतील का, ते त्यांना विचारायचं आहे.”